अरुण दाते यांची जुनी रेडिओ-ध्वनिमुद्रणे कशी जमवावीत : इंदूरच्या नव्या संग्राहकांसाठी मार्गदर्शक

अरुण दाते यांचा जन्म ४ मे १९३४ रोजी इंदूरला झाला. वडील रामूभैया दाते हे माळव्यातील संगीताच्या बैठकींचे यजमान आणि फार मोठे जाणकार श्रोते म्हणून ओळखले जात, आणि अरुण दाते यांना गाण्याचे पहिले धडे देवासला कुमार गंधर्वांकडे मिळाले. १९५५ पासून ते रेडिओवर गाऊ लागले, आणि साठच्या दशकाच्या आरंभी मंगेश पाडगांवकर यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि सुधा मल्होत्रा यांची साथ लाभलेल्या ‘शुक्रतारा’ने हा आवाज घरोघरी पोहोचवला. तबकड्यांवर आणि नंतर कॅसेटवर निघालेली त्यांची गाणी आज कोणालाही सहज ऐकता येतात. ज्या गायनाची व्यापारी तबकडी कधी निघालीच नाही, जे केवळ रेडिओसाठी गायले गेले आणि एखाद्या श्रोत्याने घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतले म्हणूनच उरले, ते मात्र आपण शोधले नाही तर कायमचे जाईल. अशा फिती इंदूरच्या घरांत माळ्यांवर आणि लोखंडी पेट्यांत पडून आहेत, आणि त्या भरणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

हा लेख या कामाला नव्याने हात घालणाऱ्यांसाठी आहे. माणिक वर्मा, गजानन वाटवे किंवा मालती पांडे यांच्या रेडिओ-गायनाचा शोध घेणाऱ्यांनाही यातील बहुतेक पायऱ्या तशाच उपयोगी पडतील.

१. कशाला रेडिओ-ध्वनिमुद्रण म्हणायचे, ते आधी ठरवा

नवा संग्राहक सर्वांत जास्त येथेच गोंधळतो. रेडिओवर वाजलेले प्रत्येक गाणे हे रेडिओचे ध्वनिमुद्रण नसते. ‘शुक्रतारा’ची तबकडी विविध भारतीवर आणि मराठी केंद्रांवर वर्षानुवर्षे वाजत आली आहे, त्यामुळे जुन्या कॅसेटवर हे गाणे सापडले तर बहुतेक वेळा ती बाजारातल्या तबकडीचीच, रेडिओमार्गे आलेली आणि खरखरीने भरलेली प्रत असते. तिला संग्रहात जागा आहे, पण दुर्मीळ म्हणून नव्हे.

आपल्याला हवे ते वेगळे आहे. गायकाने केंद्रावर जाऊन सुगम संगीताच्या कार्यक्रमासाठी गायलेली गाणी, निमंत्रित श्रोत्यांसमोर झालेल्या आणि नंतर प्रसारित केलेल्या मैफली, आणि मुलाखती, या तीन गोष्टी शोधाव्यात. ओळखण्याचा मार्ग म्हणजे तबकडीशी शेजारी ठेवून तुलना करणे. ७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटेच मावत असत; रेडिओवर ती मर्यादा नव्हती, म्हणून तेच गाणे एक अंतरा जास्त घेऊन किंवा संथ लयीत गायलेले आढळते. वाद्यमेळही ऐका : केंद्रावरच्या गायनात अनेकदा पेटी, व्हायोलिन, तबला इतकीच मोजकी साथ असते आणि तबकडीवरचे भरगच्च संगीत नसते. त्याहून मोठा पुरावा निवेदनाचा असतो. निवेदक गायक, कवी आणि संगीतकार यांची नावे सांगतो, कधी साथीदारांचीही सांगतो, आणि केंद्राचे नाव घेतो. ही दहा-पंधरा सेकंदे साऱ्या फितीत सर्वांत मोलाची आहेत. ती ‘गाण्याचा भाग नाही’ म्हणून कापून टाकलेल्या प्रती मी फार पाहिल्या आहेत, आणि तशा प्रतीबद्दल नंतर काहीही खात्रीने सांगता येत नाही.

२. आधी जमवायचे साहित्य आणि कागद

पहिल्या घरी जाण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी असाव्यात.

– चालू स्थितीतील स्पूल (म्हणजे उघड्या रिळांवरची फीत वाजवणारा) टेपरेकॉर्डर, ज्यावर सेकंदाला ९.५ आणि १९ सेंटिमीटर (म्हणजे पावणेचार आणि साडेसात इंच) असे दोन्ही वेग आहेत.
– चांगला कॅसेट डेक. खेळण्यासारखा, थेट यूएसबीवर उतरवणारा स्वस्त वॉकमन घेऊ नका. त्याचा वेग स्थिर राहत नाही.
– डेकमधून संगणकात आवाज नेणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर.
– आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, सुती हातमोजे, फीत जोडण्याची खास चिकटपट्टी. साधी सेलोटेप कधीही वापरू नये. तिचा डिंक पाझरून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो.
– दोन बाह्य हार्ड डिस्क.
– बांधणीची नोंदवही, पोचपावतीचे पुस्तक आणि परवानगीपत्राच्या छापील प्रती.
– आकाशवाणी केंद्राकडे किंवा ग्रंथालयाकडे अर्ज करायचा असल्यास ओळखपत्राची प्रत.

यंत्र दुरुस्त करणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. महाराणी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी केली तर जुन्या डेकचे बेल्ट आणि रबरी रोलर अजून मिळू शकतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे काम जाणणाऱ्या माणसाचा पत्ता मिळतो. दुरुस्तीनंतर यंत्राची परीक्षा आपल्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या फितीवर करावी; दुसऱ्याच्या घरच्या एकमेव फितीवर कधीही करू नये.

३. फिती कुठे आणि कशा शोधाव्यात

रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या जुन्या मराठी वस्त्यांपासून सुरुवात करा. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेली आहेत आणि घर आवरायला निघाले आहे, अशी कुटुंबे प्रत्येक वस्तीत असतात. दिवाळीपूर्वीचा महिना फार महत्त्वाचा, कारण साफसफाईत याच फिती रद्दीवाल्याच्या हातात जातात; म्हणून पितृपक्षातच ओळखीच्या घरी शब्द टाकून ठेवावा. मराठी मंडळांचे कार्यक्रम, संगीतवर्गांचे जुने शिक्षक, आणि ज्यांच्या घरी एके काळी ‘टेप’ होता असे लोक सांगतात ती घरे, या तीन धाग्यांनी बहुतेक शोध पुढे सरकतो.

घरी गेल्यावर पहिल्याच भेटीत फिती मागू नयेत. ‘काकू, काकांनी भरलेल्या कॅसेट आहेत असे कळले. फक्त पाहायला आलो आहे, आपण म्हणाल तर आपल्यासमोरच उतरवून घेतो,’ असे म्हटले की संकोच जातो. अनेकदा काकूंनाच सगळे आठवत असते : कोणत्या वर्षी रेडिओ घेतला, रेकॉर्डिंग चालू असताना घरात कोणी बोलायचे नाही असा दंडक कसा होता, कोणत्या रात्री मुंबई केंद्र लागले. हे सारे तेथेच, त्यांच्या शब्दांत, वहीत उतरवून घ्यावे. पुढे कालनिश्चिती करताना याच आठवणींचा आधार होतो. खोक्यावरचे हस्ताक्षर, आतली चिठ्ठी, कॅसेटच्या आवरणावरची यादी, यांची छायाचित्रे घेतल्याशिवाय एकही फीत हलवू नये. अरुण दाते यांचे मूळ नाव अरविंद. म्हणून नावाऐवजी केवळ आद्याक्षरे किंवा ‘दाते’ एवढेच लिहिलेले खोकेही बाजूला टाकू नका.

फीत घरी न्यायची असेल तर पोचपावती द्यावी आणि एका कागदावर सही घ्यावी. मजकूर साधा ठेवा : ‘माझ्या मालकीच्या पुढील फिती श्री./श्रीमती … यांनी केवळ प्रत करून घेण्यासाठी दिनांक … रोजी नेल्या आहेत. त्या दिनांक … पर्यंत परत करण्याचे व एक प्रत मला देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. ही प्रत ते खाजगी अभ्यासासाठी ठेवतील. माझ्या लेखी संमतीशिवाय ती अन्य कोणास देणार नाहीत.’ खाली प्रत्येक फितीचे वर्णन. ओळखीच्या घरी असा कागद करणे अवघड वाटते, पण एका पिढीनंतर मूळ फीत कोणाची या प्रश्नावरून नात्यांत कटुता येऊ नये यासाठी तो आवश्यक आहे.

घरांशिवाय आणखी काही ठिकाणे आहेत. महू रस्त्यावर पिगडंबर येथे लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. तबकड्यांचा असा संग्रह जवळ असणे हे इंदूरच्या संग्राहकाचे भाग्यच म्हटले पाहिजे, कारण पहिल्या पायरीत सांगितलेली तुलना मूळ तबकडीशीच करायची असते. अशा ठिकाणी आधी विचारून आणि आपला प्रश्न लेखी घेऊन जावे.

आकाशवाणीचे इंदूर केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झाले आणि ते मालवा हाऊसमध्ये आहे. मात्र मराठी सुगम संगीताचा शोध मुख्यतः मुंबई आणि पुणे केंद्रांकडे जातो. केंद्रप्रमुखांच्या नावे अर्ज करावा, त्यात कलाकाराचे नाव, कार्यक्रमाचा प्रकार, अंदाजे वर्ष आणि अभ्यासाचा हेतू स्पष्ट लिहावा. प्रत मिळेलच असे धरून चालू नये : एके काळी स्पूल महाग असत आणि प्रसारणानंतर ती पुसून पुन्हा वापरली जात, शिवाय सुरुवातीच्या काळात बरेचसे गायन थेट प्रसारित होत असे, म्हणजे त्याची फीत कधी तयारच झाली नाही. घरगुती फितींचे मोल वाढते ते याच कारणाने. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातले जे ध्वनिमुद्रण ‘आकाशवाणी संगीत’ या नावाने प्रकाशित केले आहे आणि जे तिच्या यूट्यूब वाहिनीवर आले आहे, ते आधी पाहून घ्यावे. जे तेथे आहे त्यासाठी घरोघरी फिरण्याचे कारण नाही.

एक सापळा येथेच सांगतो. ‘अत्यंत दुर्मीळ रेडिओ रेकॉर्डिंग’ म्हणून पेन ड्राइव्हवर एमपी३ विकणारे लोक भेटतात. मूळ फीत किंवा तिचे छायाचित्र दाखवता येत नसेल तर पैसे देऊ नयेत. अशा संग्रहातील बहुतेक गोष्टी इंटरनेटवरून उतरवलेल्या असतात आणि त्यांची निवेदने कापलेली असतात.

४. फीत वाजवण्यापूर्वी

फीत मिळाली की लगेच वाजवून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. इंदूरच्या पावसाळ्यात बंद पेटीतल्या फितींवर बुरशी धरते. कडेला पांढरी भुकटी किंवा तंतू दिसले तर ती फीत यंत्रात घालू नये, कारण बुरशी हेडवरून (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून) पुढच्या प्रत्येक फितीवर जाते. अशी फीत वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलसह ठेवून आधी कोरडी करावी आणि जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

स्पूल उजेडासमोर धरून पाहा. गुंडाळलेल्या फितीतून उजेड आरपार दिसला तर ती जुनी अ‍ॅसिटेट फीत आहे : ती ठिसूळ असते, पण तुटली तर सरळ तुटते आणि नीट जोडता येते. उजेड जात नसेल तर बहुधा पॉलिएस्टर; ती सहसा तुटत नाही, मात्र ओढली गेली तर ताणली जाते आणि ताणलेला भाग पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून दोन्हींना वेगाने पुढे-मागे पळवू नये. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर अ‍ॅसिटेट विघटित होऊ लागली आहे, आणि ही फीत रांगेत सर्वांत आधी घ्यावी, शिवाय इतरांपासून दूर ठेवावी. वाजवताना किंचाळल्यासारखा आवाज येऊन हेडवर तपकिरी चिकट थर जमू लागला तर तत्काळ थांबावे. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतील काही फितींचा बांधणीचा थर (चुंबकीय कण फितीला धरून ठेवणारा) दमटपणाने चिकट होतो आणि त्यावर नियंत्रित उष्णतेचा उपचार करावा लागतो. तो घरच्या ओव्हनमध्ये करण्याची गोष्ट नाही.

कॅसेटच्या बाबतीत वरच्या कडेच्या दोन्ही खिट्ट्या आधी मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून पुसले जाण्याचा धोका राहत नाही. सी-१२० (१२० मिनिटांच्या) कॅसेटची फीत फार पातळ असते. ती अडकण्याची शक्यता धरूनच डेकजवळ बसावे.

५. संगणकात उतरवणे

एकदाच उतरवायचे आणि चांगले उतरवायचे, हा या कामाचा नियम धरा. अनेक फिती पुन्हा वाजवण्याच्या स्थितीत राहत नाहीत.

दर फितीपूर्वी हेड आणि फितीच्या वाटेतले धातूचे भाग अल्कोहोलने पुसावेत. रबरी रोलरला अल्कोहोल लावू नये, त्याला किंचित साबणाच्या पाण्याचे फडके पुरते. नंतर हेडचा कोन जुळवावा. ज्या यंत्रावर फीत भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या हेडचा कोन क्वचितच सारखा असतो, आणि फरक असला की ‘स’, ‘श’ यांसारखी अक्षरे आणि तबल्याची चाट बोथट होते. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत, डावी आणि उजवी अशा दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकत राहावे. ज्या ठिकाणी आवाज सर्वांत उजळ होतो तेथे थांबावे. खरखर कमी करण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही सोयीपेक्षा या एका कृतीने अधिक फरक पडतो. फितीवर स्पष्ट खूण नसेल तर डॉल्बी ही डेकवरची खरखर कमी करणारी सोय बंद ठेवावी.

स्पूलच्या बाबतीत एक गोष्ट नव्या माणसाला हमखास घाबरवते : डाव्या कानात गाणे नीट येते आणि उजव्या कानात कोणीतरी उलटे गात असते. फीत बिघडलेली नसते. जुनी घरगुती यंत्रे बहुधा फितीच्या अर्ध्या रुंदीवर एक बाजू आणि उरलेल्या अर्ध्यावर, विरुद्ध दिशेने, दुसरी बाजू भरत. नंतरची स्टिरिओ यंत्रे चार पट्ट्यांपैकी पहिली आणि तिसरी एका वेळी वाचतात, म्हणून दोन्ही बाजू एकदमच ऐकू येतात. दोन्ही वाहिन्या तशाच उतरवून घ्याव्यात आणि संगणकात उजवी वाहिनी वेगळी करून उलटवावी; एका फेरीत दोन्ही बाजू मिळतात आणि फितीची झीज निम्मी होते.

ध्वनिपातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. शून्याला टेकलेला आवाज कायमचा फाटतो. फाइल डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक स्वरूपात करावी. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हवेत, शक्य तर ९६ किलोहर्ट्झ. ४८ ला डब्ल्यूएव्हीच्या दोन वाहिन्यांच्या एका तासाला साधारण १ जीबी, ९६ ला साधारण २ जीबी जागा लागते. माझे मत असे की घरगुती कॅसेटला ४८ पुरेसे आहे, स्पूलला ९६ द्यावे. एमपी३ ही फक्त ऐकण्यासाठी, वेगळी प्रत म्हणून करावी.

फीत सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सलग उतरवावी. मधली शांतता, केंद्राची धून, पुढच्या कार्यक्रमाची घोषणा, बातम्यांचे पहिले वाक्य, घरातले बोलणे, काहीही गाळू नये. इंदूरमध्ये भरलेल्या मुंबई-पुण्याच्या फितींवर आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो आणि मागे दुसरे एखादे केंद्र बोलत असते. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून दूरवर पोहोचतात, म्हणून असे होते. हा आवाज स्वतःच सांगतो की प्रसारण बहुधा रात्रीचे होते आणि ते दुरून घेतले होते. ‘नॉइज रिडक्शन’चे बटण मूळ प्रतीवर कधीही दाबू नका. त्याने खरखरीबरोबर आवाजातला श्वास जातो, आणि अरुण दाते यांच्या गाण्यात तो श्वास, शब्द हलकेच सोडण्याची ती रीत, हेच तर ऐकायचे असते.

६. वेग आणि पट्टी तपासणे

घरगुती यंत्रांचा वेग अचूक नसे. वेग दुप्पट किंवा निम्मा असेल तर सप्तकाचा फरक पडतो आणि तो कोणालाही कळतो; खरी अडचण चार-सहा टक्क्यांच्या फरकाची असते, कारण तेवढ्याने आवाज किंचित कोवळा किंवा जड होतो आणि ऐकणाऱ्याला ‘तरुणपणीचा आवाज असेल’ असे वाटून जाते.

तपासण्याचे दोन मार्ग आहेत. फितीवर वीजपुरवठ्याची गुणगुण उतरलेली असते आणि आपल्याकडे ती ५० हर्ट्झची असते. ऑडॅसिटीत वर्णपट (कोणत्या वारंवारितेला किती आवाज आहे त्याचा आलेख) काढून ती शिखररेषा पाहावी. ती ५३ च्या आसपास दिसली तर फीत सुमारे सहा टक्के जास्त वेगाने, म्हणजे पेटीच्या एका पट्टीने वर वाजते आहे. आपल्या यंत्राची स्वतःची गुणगुण नेमकी ५० वर दिसेल, तिच्याशी गल्लत करू नये. कोरी फीत वाजवून ती आधी ओळखून ठेवावी. त्या काळी वीजपुरवठ्याची वारंवारिता स्वतःच थोडी हलत असे, म्हणून एखाद्या टक्क्याच्या फरकावर काही ठरवू नये. दुसरा मार्ग पेटीचा : फितीतला षड्ज पेटीवर शोधावा. केंद्रावरची पेटी तिच्या ठरलेल्या स्वरांतच असणार, त्यामुळे षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्येच अडकत असेल तर वेग चुकला आहे. दुरुस्ती नेहमी वेगळ्या प्रतीवर करावी आणि किती टक्के केली ते लिहून ठेवावे.

७. काळ ठरवणे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण तारखेचा चुकीचा अंदाज एकदा लिहिला गेला की तो पुढे सर्वत्र पसरतो.

निवेदकाने वारंवारिता सांगितली असेल तर ती नीट ऐका. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आपल्या भागातील मध्यम लहरींची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली गेली, त्यामुळे त्यानंतरचा प्रत्येक आकडा नऊने भागला जातो : इंदूर ६४८, पुणे ७९२, मुंबई ५५८ आणि १०४४, मुंबईची विविध भारती ११८८. नऊने न जाणारा आकडा ऐकू आला तर प्रसारण बहुधा त्याआधीचे आहे. विविध भारतीवर जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ पासून, पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर येथून सुरू झाल्या. कार्यक्रमाच्या आगेमागे जाहिरात असेल तर फीत त्यानंतरची. विविध भारतीचे नाव आले म्हणजे प्रसारण ३ ऑक्टोबर १९५७ नंतरचे, आणि पुणे केंद्र असेल तर २ ऑक्टोबर १९५३ नंतरचे.

केंद्राचे नाव आणि अंदाजे वर्ष कळले की छापील कार्यक्रमपत्रिकेकडे वळावे. ऑल इंडिया रेडिओचे ‘द इंडियन लिसनर’ हे इंग्रजी नियतकालिक २२ डिसेंबर १९३५ पासून निघत होते आणि जानेवारी १९५८ पासून ते ‘आकाशवाणी’ या नावाने निघू लागले. त्याच्या पुष्कळ अंकांच्या छायाप्रती इंटरनेटवर खुल्या आहेत. केंद्रवार, तारीखवार कलाकारांची नावे त्यांत मिळतात. छापलेला कार्यक्रम ऐन वेळी बदलत असे, म्हणून पत्रिकेतली नोंद आणि फितीतले निवेदन दोन्ही जुळले तरच तारीख पक्की धरावी.

कॅसेटच्या कवचावरून काळ ठरवू नये. कॅसेट आपल्याकडच्या घरांत सत्तरच्या दशकात रुळली, आणि तिच्यावर स्पूलवरून उतरवलेले साठच्या दशकातले गाणे असू शकते. कवच फक्त प्रत कधी झाली ते सांगते. त्या पेटीत पोस्टातून काढलेली रेडिओ परवान्याची पुस्तिका सापडली तर ती जपून ठेवा, कारण त्या घरात रेडिओ कोणत्या वर्षी आला हे तिच्यावरून कळते.

८. नोंद कशी लिहावी

प्रत्येक फितीला एक क्रमांक द्यावा आणि तोच खोक्यावर, वहीत आणि फाइलच्या नावात असावा. नोंदीत फीत कोणाकडून मिळाली, कोणी भरली, कोणत्या यंत्रावर वाजवली, निवेदनाचा शब्दशः मजकूर, प्रत्येक गाण्याचा आरंभ-वेळ, कवी, संगीतकार, आणि तारखेचा आधार इतके तरी असावे. ऐकीव माहिती, निवेदनातली माहिती आणि स्वतःचा तर्क हे तीन रकाने वेगळे ठेवावेत. तारीख ठाऊक नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. ‘१९६५ च्या सुमारास’ असे लिहायचेच असेल तर का, तेही त्याच ओळीत लिहावे.

९. हक्कांचे भान

प्रताधिकार कायदा १९५७ नुसार खाजगी वापरासाठी आणि संशोधनासाठी मर्यादित मुभा आहे. जाहीर प्रसाराची नाही. प्रक्षेपण संस्थेचा हक्क प्रसारणानंतरच्या वर्षापासून २५ वर्षे, कलाकाराचा ५० वर्षे आणि प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा ६० वर्षे चालतो. परंतु कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. श्रीनिवास खळे २०११ मध्ये आणि मंगेश पाडगांवकर २०१५ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचना अनुक्रमे २०७१ आणि २०७५ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ‘जुने आहे, आता सगळ्यांचे झाले’ असे म्हणून फीत यूट्यूबवर चढवणे योग्य नाही. अभ्यासकाला घरी बोलावून ऐकवावे, यादी मात्र मोकळेपणाने सर्वांना द्यावी.

१०. साठवण आणि परतफेड

तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडे. प्रत्येक फाइलची एमडी५ खूण (फाइल जराही बदलली तर बदलणारा, संगणकाने काढलेला संकेत) काढून ठेवावी आणि वर्षातून एकदा ती जुळते का ते पाहावे. फिती उभ्या, गुंडाळीचा शेवट बाहेर ठेवून, ध्वनिवर्धकांपासून आणि भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवाव्यात. आषाढ-श्रावणात सिलिका जेल बदलत राहावे आणि या दोन महिन्यांत नवी फीत उतरवायला घेऊ नये.

मूळ फीत ठरल्या तारखेला परत करताना तिच्याबरोबर त्या घरासाठी पेन ड्राइव्ह, नोंदीची छापील प्रत आणि फीत कशी ठेवावी याच्या चार ओळी द्याव्यात. पेन ड्राइव्हवर एमपी३ प्रत घालावी म्हणजे ती घरच्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर लागेल, आणि पूर्ण दर्जाची फाइलही घालावी. तुमच्या पोचपावतीवर फीत परत मिळाल्याची सही घ्यायला विसरू नका.